पंप मेला खरा, पण मारला कुणी?

आमच्याकडं गाडीच्या दुरुस्तीचे पैसे लोक पार्टाला देतात, दोष शोधण्याला देत नाहीत. पाच आकडी किमतीचा पार्ट बदलला की मालक निमूटपणे मोबाईलवरून पैसे पाठवतो. तोच मालक, मी अर्धा दिवस खपून वायरीतला दोष काढला आणि पार्ट बदलावाच लागला नाही, तर म्हणतो, "मिस्त्री, टाकलं तर काहीच न्हाई, मग पैसे कसले?" मी जेऊरला ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. हा प्रश्न माझ्या धंद्यातला रोजचाच. या सवयीनं शेवटी मालकाचाच खिसा कापला जातो, असं माझं मत आहे. ज्या पार्टाच्या निमित्तानं मी हे लिहितोय त्याचं नाव गावात फारसं कुणी ऐकलेलं नाही. सेकंडरी एअर पंप.

जेऊर म्हणजे करमाळा तालुक्याचं रेल्वे स्टेशन. करमाळा शहराला रेल्वे नाही, तिथला माणूस पुण्याची नाहीतर सोलापूरची गाडी धरायला आमच्याकडं येतो. बाहेरच्यांना गावाचं नाव ठाऊक असतं ते नागराज मंजुळे यांच्यामुळं. आम्हाला ते ठाऊक आहे उजनीमुळं. १९८० साली धरण पूर्ण झालं, भीमेचा फुगवटा पसरला आणि ज्या माळावर कुसळं उगवायची तिथं ऊस उभा राहिला. आता उसाच्या जोडीला केळी आहे. कंदर, शेटफळ, वाशिंबे या बाजूची केळी कंटेनरमध्ये भरून आखातात जाते. पैसा आला तसा पुण्या-मुंबईतल्या जुन्या गाड्यांचा रस्ताही इकडं वळला. नवी असताना चाळीस लाखांची जर्मन बनावटीची पेट्रोल गाडी दहा-बारा वर्षांनी सहा-सात लाखांत दारात उभी राहते. गाडीची किंमत उतरते, पार्टाची उतरत नाही, हे मालकाला पहिल्या दुरुस्तीलाच कळतं.

अशीच एक गाडी कंदरकडच्या एका केळीवाल्या बागायतदारांनी माझ्याकडं आणली. वयानं माझ्या वडिलांएवढे, म्हणून मी त्यांना तात्या म्हणतो. तात्यांची तक्रार अशी: "सकाळी सेल्फ मारला की भोंगा वाजतोय बघा. मिनिटभर बोंबलतंय आन् मग आपोआप गप. वर पिवळा दिवा हायच." पिवळा दिवा म्हणजे चेक इंजिन लाईट. गाडी आधी शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये जाऊन आली होती. तिथं स्कॅनर लावला, एअर पंप बदलला, दिवा विझला. मधे एक पावसाळा गेला आणि भोंगा परत सुरू. परत तेच वर्कशॉप, परत तोच निकाल: पंप गेलाय, बदला. तात्यांनी या खेपेला गाडी तशीच परत आणली. ते मला म्हणाले, "नवा पंप एका सालात मरतोय म्हंजी काय? माझी फुगवट्यावरची मोटर धा वर्षं चालती."

प्रश्न बिनतोड होता. उत्तर देण्याआधी हा पंप करतो काय, ते सांगायला हवं.

इंजिन गार असतं तेव्हा पेट्रोलची नीट वाफ होत नाही. म्हणून गाडीचा कॉम्प्युटर सुरुवातीला पेट्रोल जरा सढळ हातानं सोडतो. ते सगळं जळत नाही, अर्धंकच्चं सायलेन्सरच्या वाटेनं बाहेर पडतं. वाटेत कॅटकॉन, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. आपल्याकडं १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला, शिसेविरहित पेट्रोलही तेव्हाच आलं. पण कॅटकॉन अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय कामाला लागत नाही. म्हणजे ज्या घडीला धूर सगळ्यात घाण असतो, नेमका त्याच घडीला धूर साफ करणारा गार पडलेला. ही फट बुजवायला पंप असतो. सकाळी इंजिन चालू झालं की तो बाहेरची ताजी हवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. तिथं आधीच तापलेल्या धुराला हवा मिळाली की उरलेलं पेट्रोल तिथंच जळतं आणि त्या आचेनं कॅटकॉनही लवकर तापतो. मिनिट-दीड मिनिटात पंपाचं काम संपतं. मग दिवसभर तो गप्प. कल्पना जुनी आहे. कॅलिफोर्नियातल्या धुरक्यापायी तिकडं विकायच्या १९६६ च्या मॉडेलांवर जनरल मोटर्सनं पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप बसवला होता. आताचा पंप बॅटरीवर चालतो, एवढाच मोठा फरक. आणि सगळ्या गाड्यांना तो असतोच असं नाही. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्या त्याच्याशिवायच नियमात बसतात.

पंप आणि मॅनिफोल्ड यांच्या मधे एक वॉल्व्ह असतो. पंप चालू असेपर्यंत तो उघडा राहतो, नंतर घट्ट मिटतो. हवा आत जावी, पण धूर उलटा पंपाकडं येऊ नये, यासाठी तो. काही गाड्यांत तो व्हॅक्यूमवर उघडतो, काहींत हवेच्या दाबावर, काहींत विजेवर. तात्यांच्या गाडीतला व्हॅक्यूमवरचा होता.

आता स्कॅनर. तात्यांच्या गाडीनं पी-०४११ हा कोड दिला. त्याचा अर्थ एवढाच, की एक्झॉस्टमध्ये हवा जेवढी पोचायला हवी तेवढी पोचलेली नाही. पंप खराब आहे असं तो कोड म्हणत नाही. म्हणूच शकत नाही, कारण बहुतेक गाड्यांत कॉम्प्युटरला पंप दिसतच नाही. तो पुढच्या ऑक्सिजन सेन्सरकडं बघतो. पंप चालू असताना धुरात ऑक्सिजन वाढायला हवा. वाढला नाही तर तो कोड टाकतो आणि दिवा लावतो. ऑक्सिजन न वाढण्याची कारणं मात्र डझनभर निघतील. फ्यूज उडालेला असेल. रिलेचे पॉइंट जळाले असतील. वायर हिरवी पडली असेल. पाइपाला चीर असेल. व्हॅक्यूमची रबरी नळी कुजली असेल, नाहीतर कुरतडलेली असेल. (ऊसतोड सुरू झाली की रानातले उंदीर वस्तीवरच्या गाडीच्या बॉनेटखाली बिऱ्हाड करतात. आमच्या भागात वायरिंगचा निम्मा धंदा उंदरांच्या कृपेनं चालतो.) वॉल्व्ह कार्बननं चिकटलेला असेल, हेडमधली हवेची भोकं बुजली असतील, किंवा सगळं ठीक असून खुद्द सेन्सरच म्हातारा झाला असेल. विजेच्या बाजूनं गडबड असेल तर बऱ्याच गाड्या पी-०४१८ सारखा वेगळा कोड देतात, तो वाचला तर वाट थोडी सोपी होते. पण कुठलाच कोड तुमचा हात धरून नेमक्या पार्टापाशी नेत नाही. स्कॅनर लावून 'पंप बदला' म्हणणं म्हणजे रोग न शोधता औषध लिहून देणं.

मी गाडी रात्रभर गॅरेजवर ठेवून घेतली. यावरही तात्यांची कुरकुर होती, पण याला इलाज नाही. हा पंप गार इंजिनावरच चालतो. त्यातही पाण्याचं तापमान किती असताना तो चालवायचा हे प्रत्येक कंपनीनं आपापलं ठरवलेलं आहे, आणि आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये दुपारी उन्हात उभी असलेली गाडी न चालवताही त्या मर्यादेच्या पलीकडं जाऊ शकते. अशा वेळी सेल्फ मारला, पंप बोलला नाही, म्हणून तो मेला असं समजणारे भेटतात. चांगल्या स्कॅनरवरून पंप हुकूम देऊन चालवता येतो, ती सोय असली तर उत्तम. तरी मी पहाटेची वाट बघतो. गाडी मालकाच्या दारात जशी वागते तशी ती मला बघायची असते.

पहाटे पंपाचा पाइप वॉल्व्हजवळून काढला आणि सेल्फ मारला. निदानाची ही पहिली पायरी, आणि तिला एक पैसा लागत नाही. पाइपातून जोरात हवा आली तर पंप, वायर, रिले सगळं ठीक, दोष पुढं आहे. हवा आली नाही तर दोष मागं. इथं भोंगा वाजला, पण तळहाताला हवा जेमतेम लागली. मग पंपाचा सॉकेट काढून करंट तपासला. नुसता मल्टिमीटर लावून बारा व्होल्ट बघितले की पुष्कळ जण फसतात. कुजलेल्या वायरीतूनही मीटरपुरता करंट सहज येतो, पण पंपाला तीस-चाळीस अँपियर लागतात, तेवढे येत नाहीत. म्हणून मी तिथं हेडलाइटचा बल्ब लावतो. बल्ब पिवळट पेटला तर वायर किंवा रिले दोषी. तो पांढरा लख्ख पेटला. शेवटी पंप बाहेर काढला आणि जाड वायरीनं थेट बॅटरीवर दिला. कण्हला आणि थांबला. म्हणजे पंप खराब होता हे खरंच. शहरातल्या वर्कशॉपनं खोटं सांगितलं नव्हतं.

पण पंप हातात घेऊन तिरका केला तर त्यातून गंजाचं लालसर पाणी गळालं. हवेच्या पंपात पाणी कुठलं? पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, हे आपल्याला लक्षात राहत नाही. एक लिटर पेट्रोल जळालं की साधारण लिटरभर पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. थंडीत सकाळी सायलेन्सरच्या तोंडातून थेंब पडतात ते तेच. ती वाफ पंपापर्यंत यायची वाट एकच, वॉल्व्ह. पाइप मोकळाच ठेवून इंजिन चालू केलं आणि मिटलेल्या वॉल्व्हच्या तोंडाशी हात नेला. गरम धुराचे झटके हाताला लागले. वॉल्व्ह कार्बननं अर्धवट अडकून पडला होता आणि गाडी चालेल तेवढा वेळ धूर आणि वाफ पंपात जात होती. रात्री गार झाली की त्याचं पाणी, पाण्याचा गंज, गंजानं जाम झालेलं बेअरिंग, आणि त्या बेअरिंगचा भोंगा. पहिला पंप असाच मेला असणार. दुसरा तर बसवला त्या दिवसापासूनच मरायला लागला होता.

हे तात्यांना समजावून सांगायला मला एक वाक्य पुरलं: "तात्या, एनआरव्ही गळतोय." फुगवट्यावरून किलोमीटर-दोन किलोमीटर पाइपलाइन टाकून पाणी नेणाऱ्या माणसाला याच्यापुढं काही सांगावं लागत नाही. लाइनीवरचा नॉन-रिटर्न वॉल्व्ह गळका असला की मोटर बंद केल्याबरोबर वर चढलेलं पाणी उलटं येऊन पंपावर आदळतं. आमच्याकडं मोटर जळाली तर वाइंडिंगवाल्याकडं टाकण्याआधी शेतकरी विचारतो, कशानं जळाली? व्होल्टेज कमी होतं का, एक फेज गेला होता का, पंप कोरडा चालला का, वॉल्व्हनं दगा दिला का? हे न विचारता मोटर भरून आणणाऱ्याला गावात येडा म्हणतात. तोच शेतकरी चारचाकीत बसला की हा प्रश्न विसरतो, याचं मला खरंच नवल वाटतं. चकचकीत काचेच्या दालनात, कागदी कपातला चहा घेत बसलं की माणूस दबतो बहुतेक.

वर्कशॉपवाल्यांची बाजूही मला माहीत आहे. तिथला पोरगा महिना पगारावर राबतो. त्याच्यापुढं दिवसभराच्या गाड्यांची रांग असते, आणि पार्ट किती खपले, किती तास लावले यावर वरचे लोक त्याला जोखतात. गाडी रात्रभर ठेवून पहाटे पाइपाला हात लावून बघायची मुभा त्याला कोण देणार? त्यातून मालकही पार्ट बदलल्याशिवाय पैसे द्यायला तयार नाही. म्हणजे शोधण्यात वेळ घालवणाऱ्याचं नुकसान आणि अंदाजानं पार्ट टाकणाऱ्याचा फायदा, अशी ही व्यवस्था आपण सगळ्यांनी मिळून उभी केली आहे. अंदाज चुकला तरी बिल मालकाच्याच नावावर फाटतं.

म्हणून मी माझ्या गॅरेजवर तपासणीचे पैसे वेगळे लावले आहेत. पाचशे रुपये. पार्ट बदलो न बदलो. सुरुवातीला लोक हसले, दोन-चार गिऱ्हाइकं तुटलीही. डॉक्टर नाडी बघण्याचे पैसे घेतो तेव्हा कुणी हसत नाही. पण मिस्त्रीच्या अंगाला ऑइल लागलेलं असतं, त्याच्या डोक्याचे पैसे द्यायची पद्धत नाही.

मात्र एकट्या मालकाची सवय बदलून भागणार नाही. तात्यांच्या गाडीत मी वॉल्व्हपर्यंत पोचलो ते हातानं, बल्बनं आणि अनुभवानं. त्या पंपाला किती अँपियर लागायला हवेत, वॉल्व्ह किती व्हॅक्यूमला उघडायला हवा, कुठल्या पिनेवर कुठली वायर, हे आकडे कंपनीच्या माणसाला एका क्लिकवर मिळतात. मला मिळत नाहीत. माझ्यासारखे गॅरेजवाले कुठून तरी नकलून आणलेल्या सॉफ्टवेअरवर आणि व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फिरणाऱ्या फोटोंवर काम भागवतात. फोटोतली वायर आणि समोरच्या गाडीतली वायर एकाच रंगाची असेल याची खात्री नाही. याला चोरी म्हणायचं तर म्हणा, पण विकत द्यायला तयार कोण आहे ते आधी सांगा.

या बाबतीत कायदा मुका आहे असंही नाही. एका गाडीमालकानं २०११ साली भारतीय स्पर्धा आयोगाकडं तक्रार केली होती. आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी निकाल दिला आणि चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे अडीच हजार कोटी रुपयांचा दंड लावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना खुल्या बाजारात मिळू दिली जात नाहीत, हा ठपका होता. ही साधनं, माहिती आणि प्रशिक्षण बाहेरच्यांना उपलब्ध करून द्या, आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी नाकारू नका, असंही आयोगानं सांगितलं. प्रकरण पुढं अपिलात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलं. त्यात मोबाईल आणि घरातल्या उपकरणांबरोबर गाड्या आणि शेतीची अवजारंही घेतली आहेत. चांगलं पाऊल आहे. पण जेऊरच्या गॅरेजात गाडीच्या बॉनेटखाली वाकलेल्या माणसाला हवा असतो वायरिंगचा नकाशा आणि तपासणीचे आकडे. कस्टमर केअरचा नंबर आणि वॉरंटीचे नियम वाचून त्याचा वॉल्व्ह उघडत नाही.

युरोपात यावर साधी पद्धत आहे. तिथं युरो-५ च्या नियमांबरोबरच कंपन्यांवर बंधन आलं, की दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजलाही वाजवी पैसे घेऊन द्यायची. गॅरेजवाला तासापुरते किंवा दिवसापुरते पैसे भरतो आणि हवं ते पान बघतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लोकांनी २०१२ साली मतदान करून हा हक्क मिळवला. आपण प्रदूषणाचे नियम युरोपाच्या धर्तीवर घेतले, भारत स्टेजची सगळी शिडी तिकडचीच. त्या शिडीला बांधलेला दुरुस्तीचा हक्क तेवढा तिकडंच राहिला. एका गाडीची एका दिवसाची माहिती मला तीनशे-चारशे रुपयांत कंपनीनं दिली, तर मी आनंदानं भरीन आणि मालकाच्या बिलात दाखवीन.

आता कुणी म्हणेल, मिनिटभर चालणाऱ्या पंपासाठी एवढी धडपड कशाला? गाडी तर पळते. पीयूसी तर पास होते.

पीयूसी पास होते हे खरं आहे, आणि तोच तर मजेचा भाग आहे. पीयूसीची नळी सायलेन्सरमध्ये घालतात तोवर इंजिन तापलेलं असतं. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा. कॅटकॉन तापल्यावर ती सहज सांभाळली जाते. पंपाचं काम त्याच्या कितीतरी आधी, घराच्या दारात संपलेलं असतं. पंप मेलेला असो, काढून टाकलेला असो, पीयूसीच्या कागदावर त्याची खूणही उमटत नाही. कागद नसला तर दहा हजारांपर्यंत दंड, आणि कागद असला तरी त्यानं दिवसातला सगळ्यात घाण धूर बघितलेलाच नाही. माझं म्हणणं साधं आहे. पीयूसी सेंटरवर नळी घालण्याआधी चेक इंजिनचा दिवा जळतोय का, एवढं तरी बघून कागदावर लिहावं. गाडीनं स्वतः नोंदवलेली तक्रार वाचायला वेगळं यंत्र लागत नाही, डोळे पुरतात.

हे कुणी बघत नाही म्हणून मग पळवाटा निघतात. शहरात पंपाच्या जागी पत्र्याची चकती मारून सॉफ्टवेअरमधून कोडच उडवून देणारे लोक आहेत. पंप नाही, दिवा नाही, कटकट नाही. तात्यांनाही कुणीतरी हा सल्ला दिला होता. मी ते काम घेत नाही. जेऊरच्या मोकळ्या माळावर एका गाडीच्या मिनिटभर धुरानं आभाळ कोसळत नाही, हे मला मान्य आहे. पण हीच गाडी बंद पोर्चमध्ये चालू करून मालक आत चहाला जातो, तेव्हा तो धूर घरातच फिरतो. पुण्यात हिवाळ्याच्या सकाळी अशा गाड्या एकदमच चालू होतात. मालकाच्या फायद्याचंच बोलायचं तर पंपापायी दिवा कायम जळत ठेवणं ही आणखी वाईट सवय. दिव्याची नजरेला सवय होते. उद्या मिसफायर सुरू झालं तरी मालक म्हणतो, तो दिवा तर आधीपासूनच आहे. न जळालेलं पेट्रोल कॅटकॉनमध्ये जाऊन पेटतं, कॅटकॉन आतून वितळतो, आणि मग जो आकडा समोर येतो त्यापुढं पंप स्वस्त वाटायला लागतो.

मोटारसायकलवाल्यांनी हे वाचून हसू नये. बीएस-३ च्या काळातल्या बऱ्याच मोटारसायकलींत हीच योजना आहे, फक्त पंप नाही. सायलेन्सरमधल्या धुराच्या हिसक्यांनीच हवा ओढली जाते आणि पातळ पत्तीचा एक छोटा वॉल्व्ह तिला उलटं येऊ देत नाही. ॲक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सर फटफटतो म्हणून आमची पोरं त्या नळीत गोळी ठोकून ती बंद करतात. फटफट थांबते. सायलेन्सरच्या जोडातून हवा घुसतेय, की वॉल्व्हची पत्ती वाकलीय, की कार्बोरेटर कमी पेट्रोल देतोय, हे मात्र कुणी बघत नाही. गाडी लहान असली तरी खोड तीच.

मला खरी धास्ती आहे ट्रॅक्टरची. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले. त्यामुळं त्यांत कॉमन रेल, सेन्सर, कॉम्प्युटर हे सगळं आलं. ऊस तुटायला आलाय, ट्रॉली भरायचीय आणि डॅशबोर्डवर दिवा लागून ट्रॅक्टरनं ताकद सोडली, तर शेतकरी कुणाकडं जाणार? कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येईपर्यंत फडातली टोळी थांबत नाही. गावातल्या मिस्त्रीकडं नकाशा नाही, आकडे नाहीत. मग तोही अंदाजानं एकेक सेन्सर बदलत बसणार आणि शेतकरी बिलं भरत बसणार. आयटीआयमधून दरसाल पोरं बाहेर पडतात. त्यांना इंजिन खोलून जोडता येतं. पण लोड लावून करंट तपासणं आणि कोड वाचून त्याच्या मागं जाणं, हे हाताला वळण लागेपर्यंत शिकवायला तिथं चालू स्थितीतल्या नव्या गाड्या हव्यात, कापून रंगवलेली जुनी इंजिनं नव्हेत. कारखाने, बाजार समित्या, दूध संघ यांनी मनावर घेतलं तर तालुक्याला एक चांगला स्कॅनर आणि माहितीची एक सामाईक वर्गणी उभी राहू शकते. शेततळ्याला अनुदान मिळतं, याला का मिळू नये?

तात्यांच्या गाडीचं काम असं झालं. वॉल्व्ह नवा घेतला. पंप नवा घेणं त्यांच्या जिवावर आलं होतं, म्हणून मुंबईच्या कुर्ल्यातल्या जुन्या पार्टांच्या बाजारातून चांगला बघून आणला आणि बसवण्याआधी बॅटरीवर चालवून हवा तपासली. वॉल्व्ह जुना आणि पंप नवा असं उलटं करून चालणार नव्हतं. व्हॅक्यूमची नळीही बदलली, ती तर किरकोळ रुपयांची. दिवा मी स्कॅनरनं विझवला नाही, मुद्दाम. कॉम्प्युटरनं पुढच्या काही सकाळी स्वतः हवा मोजली, त्याची खात्री पटली आणि दिवा त्यानंच घालवला.

तुमची गाडी वर्कशॉपला असेल तर तीन गोष्टी मागा. कोडचा कागद मागा. पार्ट खराब आहे हे कशावरून ठरवलं, हे जॉब कार्डवर लिहून मागा. आणि काढलेला जुना पार्ट परत मागा. तुमच्याच पैशाचा आहे, द्यावाच लागतो. तो एअर पंप असेल तर तिथल्या तिथं तिरका करून बघा. पाणी गळालं, तर नव्या पंपाच्या बिलावर सही करण्याआधी विचारा, वॉल्व्ह तपासला का?